कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या तपासणीत) यांचं ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) निघालं. दिराचं लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आहे, घरी आत्ता सांगू की नको?

बोरीकाठची (अमळनेर तालुका):

नमस्कार. चार दिवसांपासून लिहिते आणि पुसते आहे. आज अंगणवाडी सुटल्यावर पोरांच्या चटया गुंडाळल्या आणि तिथेच बसून लिहितेय. घरी फोन हातात घेतला की कोणी ना कोणी डोकावतं.

माझं वय २९, यांचं ३३. लग्न २०१८ चं. पहिल्यांदा दिवस गेले २०१९ मध्ये. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. दुसऱ्यांदा २०२१, दहावा आठवडा लागत होता. तिसऱ्यांदा गेल्या पोळ्याच्या आधी, नववा आठवडा. तिन्ही वेळा पिशवी साफ करावी लागली. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव पोषण ट्रॅकरमध्ये मीच भरते. दुसऱ्यांदा माझं स्वतःचं नाव भरलं आणि पंधरा दिवसांत काढलं. तिसऱ्यांदा भरलंच नाही.

पहिल्या दोन वेळेला कारण कोणी शोधलं नाही. "होतं असं, पुढच्या वेळी राहील." टॉर्च नावाची (काही संसर्गांची) रक्ततपासणी केली, त्यात काहीतरी पॉझिटिव्ह आलं म्हणून महिनाभर गोळ्या खाल्ल्या. थायरॉइड आणि साखर व्यवस्थित होती. सासूबाईंच्या मते लग्नाच्या वर्षी कानबाईच्या रोटांना (श्रावणातल्या देवीच्या सणाला) मी माहेरी राहिले, ते भोवलं. तिसऱ्यानंतर जळगावच्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दोघांचं कॅरिओटाइप सांगितलं, दोघांचे मिळून आठ हजार. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, ते पुण्याला गेलं, तीन आठवड्यांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. माझा ४६,एक्सएक्स, नॉर्मल. यांचा ४६,एक्सवाय,टी(७;१४)(क्यू२२;क्यू२४). खाली लिहिलंय: बॅलन्स्ड रेसिप्रोकल ट्रान्सलोकेशन.

डॉक्टरबाईंनी कागदावर दोन काड्या काढून समजावलं, पण बाहेर रांग होती आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. परतीच्या बसमध्ये धरणगाव येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मी कापसाचं गाठोडं एकटा उचलतो. माझ्यात काय बिघडलंय?" यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. रिपोर्ट तिथल्या बिलांच्या फायलीत ठेवलाय. घरी सांगितलं, "रिपोर्ट आले, बघू पुढे." म्हणजे घरच्यांच्या लेखी दोष अजून माझाच.

मला हे यांच्यावर ढकलायचं नाही. मला जे ऐकावं लागलं ते यांना ऐकावं लागू नये असंच वाटतं. पण दोन गोष्टी झोपू देत नाहीत. नणंद पारोळ्याला दिलीय. तिला सहा वर्षांची मुलगी आहे, त्यानंतर दोनदा पडलं. आणि धाकट्या दिराचा साखरपुडा झालाय, लग्न आखाजीनंतर. मुलगी शिरपूरकडची, नर्सिंग झालेली, गोड आहे. हे दिरालाही असू शकतं का? आत्ता सांगितलं आणि लग्न मोडलं तर ते माझ्या नावावर जाईल. नाही सांगितलं तर तीन वर्षांनी ती मुलगी त्याच बाकड्यावर बसलेली असेल जिथे मी बसले होते, आणि मला सगळं आधीपासून माहीत असेल.

आणि आम्ही पुढे काय करायचं? आयव्हीएफच करावं लागतं का?


केळीचा_घड (रावेर):

ताई, "नाव भरलं आणि काढलं" इथे मी थांबले. पाच मिनिटांनी पुढचं वाचलं.

माझी गोष्ट सांगते. आमच्यात ते माझ्याकडे निघालं. माझा रिपोर्ट ४५,एक्सएक्स. रॉबर्टसोनियन म्हणतात, १३ नंबर आणि १४ नंबर एकमेकांना चिकटलेले, म्हणून मोजणीत एक कमी. तो ४५ चा आकडा बघून मी आठ दिवस जेवले नव्हते. मला वाटलं मी अर्धवट माणूस आहे.

२०१४ ते २०१८ मध्ये माझे चार गेले. तिसऱ्या वेळी जे काढलं ते फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला पाठवलं. रिपोर्ट आला की हा गर्भाचाच अंश आहे. ते तर मलाही माहीत होतं! फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, मग त्यातून गुणसूत्रं वाढवून बघता येत नाहीत. चौथ्या वेळी टेबलावर जाण्याआधी मी स्वतः सिस्टरला सांगितलं, निर्जंतुक डबीत सलाइन, फॉर्मलिन नको. त्यात १४ नंबरची तीन गुणसूत्रं निघाली. तेव्हा कुठे आम्हा दोघांचं रक्त तपासलं. ताई, परत तशी वेळ तुमच्यावर न येवो, पण आलीच तर हा एक शब्द लक्षात ठेवा: सलाइन.

आयव्हीएफचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. नाशिकला दोनदा जाऊन सगळं समजून घेतलं आणि परत आलो. पाचव्यांदा आपोआप दिवस गेले. १७ व्या आठवड्यात पोटातलं पाणी तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, ढगळ ड्रेस घालून केळीच्या बागेत कामाला जायचे. त्याला माझ्यासारखंच ४५ आलं, म्हणजे तब्येतीला काही नाही. आता पाच वर्षांचा आहे. तुमचंही असंच होईल असं मी म्हणत नाही, तुमचे तुकडे वेगळे. पण "आयव्हीएफच करावं लागतं का" याला माझ्या घरचं उत्तर "नाही" असं होतं.

कौन्सेलिंगला (गुणसूत्रांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला) जाताना तीन पिढ्यांचं झाड काढून न्या. कोणाचं कितव्या महिन्यात गेलं, कोणतं बाळ जन्मून गेलं, कुठे मामे-आत्ये नात्यातलं लग्न आहे का. हे सगळं सासूबाईंना विचारल्याशिवाय मिळत नाही.


मायक्रोस्कोपमागे (मूळ चाळीसगाव, सध्या पुणे):

मी गुणसूत्रांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या. पण रिपोर्टातल्या त्या ओळीचा अर्थ सांगू शकतो, रोज तेच बघतो.

आपल्या भाषेत सांगतो. पेशीत ४६ गुणसूत्रं, २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. त्यांना जमिनीचे गट समजा. गट नंबर ७ चे दोन उतारे, गट नंबर १४ चे दोन. तुमच्या यजमानांच्या एका ७ च्या टोकाचा तुकडा १४ ला जोडला गेलाय आणि त्या १४ च्या टोकाचा ७ ला. दोन भावांनी बांधाची अदलाबदल करावी तसं. एकूण जमीन तेवढीच, गुंठा कमी नाही की जास्त नाही. म्हणूनच ते कापसाचं गाठोडं उचलतात. बसमध्ये ते जे म्हणाले ते बरोबरच होतं, त्यांच्या तब्येतीत काही बिघडलेलं नाही.

अडचण येते वाटणीत. शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीतला एकच उतारा पुढे जातो. साधा ७ आणि साधा १४ गेला, बाळ नॉर्मल. बदललेला ७ आणि बदललेला १४ असे दोन्ही गेले, तर बाळ वडिलांसारखं धडधाकट. पण साधा ७ आणि बदललेला १४ गेला, किंवा याच्या उलट, तर बाळाकडे एका तुकड्याची जमीन जास्त येते आणि दुसऱ्याची येतच नाही. असे गर्भ बहुतेक करून पहिल्या काही महिन्यांतच थांबतात. तीन उतारे एकीकडे आणि एक दुसरीकडे अशीही वाटणी कधी होते. आता कोणी म्हणेल चारात दोन चांगले, म्हणजे अर्धी शक्यता. तसं गणित करू नका. कोणतं गुणसूत्र कुठे तुटलंय, त्यावर ते बदलतं. हे कौन्सेलर तुमचा रिपोर्ट समोर ठेवून सांगतील.

आणि तुम्ही एकट्या नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण २ ते ५ टक्क्यांत दोघांपैकी एकात असं काही निघतं. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांत किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो आणि त्यातल्या बहुतेकांच्या आईबापांचे रिपोर्ट नॉर्मल असतात. ती चूक त्या एका वेळेची असते. तुमच्यात कारण सापडलंय, तरी बाकीच्या तपासण्या सोडू नका. गर्भपिशवीचा आकार बघितलाय का? एपीएलए (गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटिबॉडींची रक्ततपासणी) केली का? ती पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करावी लागते, एकदाची धरत नाहीत. वारंवार गर्भपातात टॉर्चचा उपयोग नसतो, तरी आपल्याकडे ती सर्रास लिहून देतात. एमटीएचएफआर नावाची महागडी तपासणी कोणी सांगितली तर तीही नको. बायका त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवतात हे मी पाहिलंय, म्हणून चिडून लिहितोय.

आता दिराचं. हे ट्रान्सलोकेशन सासू किंवा सासऱ्यांकडून आलं असेल तर दिराला आणि नणंदेला, प्रत्येकाला, ते असण्याची शक्यता दोनात एक. पण ते यांच्यातच नव्याने झालेलंही असू शकतं. म्हणून सरळ वाट ही: आधी सासू-सासऱ्यांचं रक्त द्या. दोघांचं नॉर्मल आलं तर दीर-नणंदेची सहसा काळजी उरत नाही. लग्न जवळ आहे म्हणून दिराचं सोबतच दिलं तरी चालेल. शनिवारी दुपारी रक्त देऊ नका. या पेशी जिवंत लागतात, आम्ही त्या ७२ तास वाढवतो. रविवारभर बॉक्स कुठेतरी पडून राहिला की वाढ होत नाही आणि परत सुई टोचावी लागते. नळी बर्फालाही थेट लागू देऊ नका. रिपोर्टात कोणाचं ९ नंबरचं इन्व्हर्जन (तुकडा उलटा बसलेला) लिहून आलं तर घाबरू नका, ते नॉर्मल माणसांत आढळणारं रूप आहे. त्या एका ओळीवरून सोयरीक मोडलेली मला माहीत आहे.

आयव्हीएफ केलं तर पीजीटी-एसआर असते. पाचव्या दिवशीच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढून तपासतात आणि हिशेब बरोबर असलेला गर्भ ठेवतात. त्याने गर्भपाताचं दुःख टळू शकतं, पण चांगले गर्भ जास्त तयार होत नाहीत. कधी कधी तपासून झाल्यावर ठेवायला एकही उरत नाही, हे आधी सांगायला हवं आणि बऱ्याचदा सांगत नाहीत. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच ही तपासणी होते. मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, विचारूही नका. मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. वंध्यत्व आणि गर्भपातावर काम करणारी आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) दुसरी संस्था, एनआयआरआरसीएच, तीही परळलाच. दोन्ही सरकारी. आधी फोन करून जा.

सासूबाईंबद्दल एक. माणसात ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली पक्कं कळलं, त्याआधी पुस्तकांत ४८ छापलेलं असायचं. त्यांच्या बाळंतपणांच्या काळात अमळनेरात ही तपासणी कोणी सांगितली असती? त्यांना कानबाईचंच कारण ठाऊक होतं.


जुना_पारोळेकर:

लेकी, मी सत्तरीचा आहे, कडू बोलतो. साखरपुडा झालेला आहे. तू चांगल्या मनाने सांगशील आणि दोन दिवसांत ते समाजाच्या ग्रुपवर फिरेल: "त्या घरात रक्ताचा दोष आहे." नणंदेच्या सासरी पोहोचेल, तिच्या लेकीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचेल. आधी लग्न होऊ दे. मग नवराबायकोला बसवून शांतपणे सांग. दोन महिन्यांनी काय बिघडतं?


सातपुडा_पायथा (शहादा):

पारोळेकर बाबा, तुमची भीती खोटी नाही. पण मला वेगळं वाटतं.

मी शिक्षक आहे. आमच्या भागात सिकलसेल आहे. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी दोघांची तपासणी बघा, हे मी वर्गात मुलामुलींना सांगतो. मग स्वतःच्या घरचं आलं की झाकायचं, हे मला जमणार नाही. मात्र मुलीला सांगणं दिराचं काम, ताईंचं नाही. ताईंनी दिरापर्यंत पोहोचवावं.

खरं तर मला तुमच्या यजमानांशी बोलायचंय. दादा, आमची वरात निघाल्यापासून चार वर्षं बायकोच्याच तपासण्या झाल्या. दोनदा दुर्बीण. माझी वीर्यतपासणी, जी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, ती चार वर्षांनी झाली. शुक्रजंतू शून्य. पुढे कळलं, वाय गुणसूत्राचा एक तुकडा नाही, एझेडएफसी म्हणतात. (त्याच्या ए किंवा बी भागाचा पूर्ण तुकडा नसेल तर शस्त्रक्रिया करूनही शुक्रजंतू सापडत नाहीत, सी असेल तर काहींना सापडतात. म्हणून आधी ही रक्ततपासणी करा, मग चिरफाड.) मुलगा झाला तर त्याच्याकडेही हेच जाणार, असं सांगितलं. आम्ही दत्तकाचा रस्ता धरला. लेक आता तीन वर्षांची आहे.

त्या चार वर्षांत माझी आई बायकोला काय काय बोलली ते मी शेजारच्या खोलीत बसून ऐकलं. रिपोर्ट आल्यावरही आणखी एक वर्ष मी गप्प बसलो. दादा, मला आजही त्या एका वर्षाची लाज वाटते. वाय माझा अर्धवट आहे, हे मी निवडलं नव्हतं. गप्प बसणं मात्र मी निवडलं होतं. ताई, हे त्यांना वाचायला द्या.


बोरीकाठची (अमळनेर तालुका):

अकरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांची ऋणी आहे.

शहाद्याच्या दादांचा मजकूर मी दुकानात जाऊन यांना दाखवला. यांनी दोनदा वाचला. एक गिऱ्हाईक नळीचं माप घेऊन उभं होतं, त्याला उद्या ये म्हणाले आणि शटर ओढलं. फाइल घेऊन स्वतः घरी आले.

सासूबाई गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालत होत्या. यांनी तिथेच सांगितलं, "आई, हिचे रिपोर्ट चांगले आहेत. जे आहे ते माझ्याकडून आहे, आणि मला ते तुझ्याकडून नाहीतर दादांकडून आलं असेल." (सासऱ्यांना हे दादा म्हणतात.) मी जमिनीचे गट, उतारे सगळं समजावायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातातला बिबडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना बी तीन ग्यात व माय. मी कोनले सांगू?"

सात वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. नणंदेच्या आधी दोन, यांच्या आणि दिराच्या मध्ये एक. शिवाय एक मुलगी जन्मली होती, नवव्या दिवशी गेली. त्यांच्या सासूने तेव्हा त्यांना जे म्हटलं होतं तेच शब्द त्या मला म्हणत आल्या होत्या. हे त्यांनीच सांगितलं. मग आम्ही दोघींनी उरलेले बिबडे घातले.

सासरे काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, किती पैसे लागतील. सोमवारी सकाळी लॅबला फोन करून सासू-सासरे आणि दीर, तिघांचं रक्त जळगावला दिलं. चाळीसगावच्या दादांनी सांगितलं म्हणून शनिवार टाळला. नणंदेला यांनीच फोन केला. ती रडली, पण म्हणाली, "म्हणजे मी जड उचललं म्हणून नव्हतं तर."

पारोळेकर बाबा, तुमची भीती माझीच होती. दिराने माझं आणि यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिरपूरला गेला. मुलीला एकटीला भेटून सांगितलं. तिने रिपोर्टाचा फोटो मागितला आणि तिच्या कॉलेजच्या बाईंना दाखवला. नंतर मला मेसेज केला, "वहिनी, तुमचं ऐकून वाईट वाटलं. त्यांचा रिपोर्ट काहीही येवो, लग्न ठरलेल्या दिवशीच. फक्त माझ्या घरच्यांना मी माझ्या पद्धतीने सांगेन." ती कधी सांगणार ते मी विचारलेलं नाही.

आम्ही दोघं आधी परळला जाणार आहोत. आयव्हीएफचं तिथे बोलल्यावर ठरवू. एपीएलएचं रक्तही दिलंय.

रावेरच्या ताई, तुम्ही म्हणालात तसं तीन पिढ्यांचं झाड काढलं. अंगणवाडीतल्या चार्टपेपरवर, स्केचपेनने. मुलांना चौकोन, मुलींना गोल, पोटातच गेलेल्यांना लहान त्रिकोण. नवव्या दिवशी गेलेल्या मुलीचा गोल काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बारसं झालं नव्हतं, पण मी मनात नाव ठेवलं होतं. ते त्यांनी सांगितलं. मी त्या गोलात लिहिलं.

तिघांचे रिपोर्ट यायला अजून दोन आठवडे आहेत. आले की इथेच कळवते.